देवळाच्या भिंतीवरचे चित्र : शिल्पकार नानासाहेब करमरकर

कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत वाहन मिळते. तिथून पुढे मात्र पायी चालावे लागते. उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याच्या रानात, दोन हजार वर्षांपूर्वीची कोंडाणे लेणी आहेत. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरून पाण्याचा पडदा कोसळत असतो. आपल्यापैकी पुष्कळजण तिथे भिजायला जाऊन आले असतील. पण चैत्यगृहाच्या दर्शनी भागात, डाव्या हाताला, एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे, तिच्याकडे किती जणांचे लक्ष गेले असेल? हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले, एवढाच तिचा अर्थ. इतिहासाच्या तासाला हे कळले तेव्हापासून ती ओळ माझ्या मनातून जात नाही. बलकाने आपले नाव कोरले, पण एकटे कोरले नाही. स्वतःच्या नावाआधी त्याने गुरूचे नाव कोरले. आपल्या हातात जे आहे ते आपल्याला कोणीतरी दिले आहे, हे त्याला दगडावर सांगावेसे वाटले.

कला ही देवाची देणगी आहे असे आपण सहज म्हणून जातो. असेलही. पण देणगी मिळालेला मुलगा एखाद्या खेड्यात जन्मला, आणि ती देणगी ओळखणारे कोणी त्या वाटेने फिरकलेच नाही, तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका थोर माणसाच्या चरित्रात सापडले. पुण्यातील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडविणारे शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर हे ते होत.

नानासाहेबांचा जन्म १८९१ साली अलिबाग तालुक्यातील सासवणे या गावी झाला. आज आपण रायगड जिल्हा म्हणतो तो तेव्हा कुलाबा जिल्हा होता. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. सासवणे हे समुद्रकाठचे गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे, कोळ्यांच्या होड्या, गुरेढोरे असे त्याचे रूप. पलीकडे मुंबई होती, पण खेड्यातल्या मुलाला ती होडीच्या अंतरावर असूनही फार दूर होती. आपल्या कर्जतच्या डोंगराकडच्या वाड्यांवरून रात्री खाली गाड्यांचे दिवे दिसतात आणि तरीही मुंबई लांब वाटते, तसेच ते असावे.

कोकणात गणपती आणि माती यांचे नाते घरोघरचे आहे. पेणचे गणपती आज जगभर जातात. पण पेणच काय, आपल्याकडच्या गावोगावी श्रावण लागला की कुणाच्या तरी पडवीत मातीचा वास येऊ लागतो. त्या वातावरणात वाढलेल्या मुलाचे हात कोळशाकडे, रंगाकडे, मातीकडे वळले यात नवल नाही. नवल पुढेच आहे. या मुलाने गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. त्यासाठी ना कोणी शिक्षक होता, ना समोर ठेवायला मोठ्या चित्रकाराची कलाकृती. भिंत हाच कागद आणि आवड हाच गुरू.

असे चित्र गावात कितीतरी मुले काढतात. घरची माणसे कौतुक करतात, नाहीतर भिंत खराब केली म्हणून रागावतात. दोनचार पावसाळ्यांत चित्र पुसले जाते आणि मुलगा शेताला, होडीला किंवा नोकरीला लागतो. सासवण्याच्या त्या चित्राचेही तसेच झाले असते. परंतु त्या सुमारास कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड फिरतीवर तिथे आले. त्यांची नजर त्या भिंतीवर गेली आणि चित्रकाराची चौकशी झाली. समोर आला तो एक कोवळा मुलगा. कलेक्टरसाहेबांनी नुसती पाठ थोपटली नाही. त्यांनी या मुलाला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला पाठविण्याची व्यवस्था केली.

हे रॉथफिल्ड कोण, असा प्रश्न मला पडला. परक्या सत्तेचा एक अधिकारी खेड्यातल्या भिंतीपाशी का थांबला? शोध घेता असे कळले की ते आय. सी. एस. अधिकारी तर होतेच, शिवाय लेखकही होते. भारतातील स्त्रियांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९२० साली प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधर या आपल्या मराठी चित्रकाराची आहेत, आणि हे धुरंधर जे. जे. मध्येच शिकले व तिथेच शिक्षक झाले. म्हणजे रॉथफिल्डसाहेबांना चित्रातले कळत होते. महसूल आणि मोजणी पाहायला निघालेल्या माणसापाशी चित्र पाहणारा डोळाही होता, हे त्या मुलाचे भाग्य. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने देवळाची भिंत पाहिलीही नसती.

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही संस्था १८५७ सालची. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ती उभी राहिली. नानासाहेब तिथे गेले तेव्हा सेसिल बर्न्स हे तिचे प्रमुख होते. शिल्पकलेत तर या संस्थेने आधीच नाव मिळविले होते. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत घडविलेले ‘मंदिरपथगामिनी’ हे देवळाकडे निघालेल्या तरुणीचे शिल्प १८९६ सालचे. नऊवारी नेसलेली मराठी मुलगी ग्रीक देवतेइतकीच सुंदर घडविता येते हे त्याने दाखवून दिले होते. अशा वातावरणात सासवण्याचा मुलगा दाखल झाला.

तिथे त्याला काय मिळाले असेल याचा विचार केला की शिक्षण म्हणजे काय ते समजते. भिंतीवर चित्र काढणाऱ्याला वस्तूची एकच बाजू दाखवावी लागते. मूर्ती घडविणाऱ्याला तिच्याभोवती फिरावे लागते. पाठीमागून खांदा कसा दिसतो, वजन कोणत्या पायावर आहे, कातडीखाली हाड कुठे संपते आणि स्नायू कुठे सुरू होतो, हे सारे माहीत असावे लागते. प्लास्टरच्या नमुन्यांवरून तासन्‌तास रेखाटने करायची, जिवंत माणूस समोर बसवून माती लावायची, चुकले की ओली माती काढून पुन्हा लावायची. ही शिस्त आवडीतून आपोआप येत नाही. ती शिकविणारा लागतो, जागा लागते आणि वेळ लागतो. नानासाहेबांना ही तीनही मिळाली. त्यांनी त्यांचे सोने केले.

शिक्षण पुरे झाल्यावर त्यांच्या आयुष्याला दुसरे वळण मिळाले ते सुरेंद्रनाथ ठाकूर यांच्यामुळे. सुरेंद्रनाथ हे रवींद्रनाथांचे पुतणे. त्यांचे वडील सत्येंद्रनाथ हे आय. सी. एस. झालेले पहिले भारतीय, आणि त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यातच झाली होती. सुरेंद्रनाथांच्या आग्रहाने नानासाहेब १९१६ च्या सुमारास कलकत्त्याला गेले आणि तिथे त्यांनी आपली कार्यशाळा थाटली. भाषा वेगळी, माणसे वेगळी. पण घडविणाऱ्या हाताला भाषा लागत नाही. मोठमोठ्या लोकांची व्यक्तिशिल्पे करता करता त्यांचे नाव झाले.

एवढ्यावर दुसरा कोणी समाधान मानून बसला असता. नानासाहेब १९२० साली विलायतेला गेले आणि लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत पुन्हा विद्यार्थी झाले. वयाच्या तिशीला आलेला, नावारूपाला आलेला माणूस पुन्हा बाकावर बसतो याचे मला फार अप्रूप वाटते. धातूच्या ओतकामाची माहितीही त्यांनी तिकडे करून घेतली. ही माहिती किती मोलाची ठरणार होती हे पुढे काही वर्षांतच दिसून आले.

पुण्यात शिवछत्रपतींचे स्मारक व्हावे ही कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांची इच्छा. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते पुण्याच्या भांबुर्डे भागात स्मारकाची कोनशिला बसली. पण पुढल्याच वर्षी, मे १९२२ मध्ये, शाहू महाराजांचे निधन झाले. त्यांच्यामागे राजाराम महाराजांनी ते कार्य पुढे नेले. अश्वारूढ पुतळा घडविण्याचे काम अखेर नानासाहेबांच्या हाती आले. ते तोवर मुंबईस परतले होते.

घोड्यावर बसलेल्या माणसाचा पुतळा हे शिल्पकाराच्या कसोटीचे काम मानतात. घोड्याचे आणि स्वाराचे सारे वजन सडपातळ पायांवर पेलायचे असते. पाय जाड केले तर घोडा बैलासारखा दिसतो, बारीक केले तर पुतळा उभा राहत नाही. घोडा थांबलेला दाखविला तर स्वार निस्तेज वाटतो, उधळलेला दाखविला तर राजा राहत नाही, शिपाई होतो. आधी लोखंडाचा आणि लाकडाचा सांगाडा उभा करायचा, त्यावर माती चढवायची, मातीवरून प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि मग धातू ओतायचा, अशी ही साधारण रीत. एवढे मोठे पुतळे सहसा तुकड्यातुकड्यांनी ओततात व मागाहून जोडतात. नानासाहेबांचा हा ब्राँझचा पुतळा एकसंध ओतला गेला. ओतकाम मुंबईत माझगाव गोदीत झाले. तापलेला रस साच्यात सोडल्यावर आत काय घडते आहे ते कोणालाच दिसत नसते. कुठे हवा कोंडली, कुठे रस पोचला नाही, तर कित्येक महिन्यांची मेहनत एका घटकेत वाया जाते. ती घटका त्यांनी कशी काढली असेल!

मुंबईहून पुण्याला जायचे म्हणजे बोरघाट चढावा लागतो, आणि बोरघाटाचा पायथा म्हणजे आपला कर्जत-खालापूरचा टापू. महाराजांचा तो घोडा पुण्याच्या चौथऱ्यावर चढण्याआधी आपल्या अंगणावरून गेला, या विचाराने मला उगीचच अभिमान वाटतो. जून १९२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. पुढे १९३२ साली त्या परिसरात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल सुरू झाले. आज शिवाजीनगरला ते शिल्प पाहताना महाराज शांत आणि सावध दिसतात. घोड्याची चाल डौलदार आहे. त्यात आरडाओरडा कुठेही नाही. देवळाच्या भिंतीवर कोळशा-रंगाने महाराज रेखाटणारा मुलगा आणि हा पुतळा, यांच्यामध्ये पुरी दोन दशके आणि तीन शहरे आहेत. परंतु विषय एकच आहे. लहानपणी ज्याची ओढ लागली तेच त्याने मोठेपणी पुरे केले.

या पुतळ्याने नानासाहेबांची कीर्ती देशभर झाली. पण मला त्यांची दुसरी बाजू अधिक जवळची वाटते. राजे, पुढारी, धनिक यांचे पुतळे घडविणाऱ्या या शिल्पकाराने आपल्या गावची माणसेही तितक्याच प्रेमाने घडविली. ‘शंखध्वनी’ हे त्यांचे गाजलेले शिल्प. शंख फुंकणाऱ्याचा सारा श्वास त्या देहात दाटून आला आहे. त्याबरोबरच कोळी समाजातील मुलगी, कष्टकरी स्त्रिया, घरची जनावरे हेही त्यांचे विषय झाले.

गेल्या हिवाळ्यात आमच्या काही मैत्रिणी मिळून सासवण्याला जाऊन आलो. खोपोली, पेण, वडखळ असा एस.टी.चा प्रवास. नानासाहेबांचे राहते घर आता त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. घरच्यांनीच ते जपले आहे. आवारात एक म्हैस आहे. आमच्यातल्या एकीने तिला खरीच समजून वाट सोडली आणि मग आम्ही सगळ्या हसलो. ती म्हैस सिमेंटची आहे. आमच्या घरी म्हशी आहेत. म्हशीची मान कशी जड असते, पोटाची कातडी कशी सैल लोंबते, हे मी रोज पाहते. पण पाहते म्हणजे काय, हे त्या सिमेंटच्या म्हशीपुढे उभी राहिल्यावर मला कळले. मी रोज दूध काढताना जे पाहिले नव्हते ते त्या माणसाने पाहिले होते. म्हैस हा काही थोर विषय नव्हे, असे त्यांना वाटले नाही. लंडन पाहून आलेल्या डोळ्यांना सासवण्याचा गोठा कमी वाटला नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे.

भारत सरकारने त्यांचा पद्मश्री देऊन गौरव केला. १९६७ साली त्यांचे निधन झाले.

आता थोडे माझे सांगते. माझे चरित्र सांगण्यासारखे नाही, पण या लेखाचे कारण त्यात आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा भातशेती करतात आणि उरलेल्या वेळात मुंबईच्या एका कुटुंबाच्या फार्महाऊसची राखण करतात. मी आठवीत असताना एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा दिली आणि अ श्रेणीत उत्तीर्ण झाले. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे ते विषय. तांब्याची गोलाई पेन्सिलीने कागदावर उठली तेव्हा झालेला आनंद मला कोणत्याच विषयाच्या गुणांनी पुन्हा दिला नाही. नववीत गेले आणि शाळेतले चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले. ती जागा भरली गेली नाही. चित्रकलेच्या तासाला आधी खेळ झाले, मग दहावीच्या वर्षी गणित झाले. इंटरमिजिएटचा अर्ज भरून घेणारे कोणी नव्हते. रंगपेटी माळ्यावर गेली. शाळेचा तरी काय दोष? गणितात नापास होणारी मुले अधिक होती. माझा रोष कोणावर नाही. पण दहावीच्या त्या वर्षात एक दार बंद झाले, आणि ते बंद होताना आवाजसुद्धा झाला नाही, एवढे मात्र खरे.

नानासाहेबांचे चरित्र वाचताना म्हणूनच मी त्या भिंतीपाशी अडून राहते. आपण अशी चरित्रे वाचतो आणि म्हणतो, पाहा, प्रतिभा लपून राहत नाही. मला तसे म्हणवत नाही. प्रतिभा लपून राहते. ती भिंतीवर असते आणि पावसाने धुऊन जाते. सासवण्याला ती दिसली, कारण त्या दिवशी चित्र जाणणारा अधिकारी त्या वाटेने आला. त्याच काळात कर्जतच्या, खालापूरच्या, पेणच्या किती देवळांच्या भिंतींवर किती चित्रे असतील, जिथे कोणी रॉथफिल्ड आला नाही! त्या मुलांची चरित्रे आपल्या वार्षिक अंकात कोणी लिहिणार नाही, कारण ती घडलीच नाहीत.

कलेक्टर सर्व गावांत फिरू शकत नाही, आणि फिरला तरी त्याला चित्र कळेलच असे नाही. म्हणून तर शाळा आहे. शाळेतील चित्रकलेचा शिक्षक हा गरीब मुलाचा रॉथफिल्ड आहे. तो फिरतीवर एकदा येऊन जात नाही, तो दर आठवड्याला येतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना काही लोक किरकोळ समजतात. आता दहावीच्या निकालात त्यांचे वाढीव गुण मिळतात म्हणून गर्दी वाढली आहे. पण गुणांपेक्षा मोठे काम त्या करतात. डोंगरातल्या मुलाचा कागद त्या परक्या माणसाच्या नजरेखाली घालतात. त्या मुलाला आपले चित्र घरच्यांच्या लाडाबाहेर किती टिकते ते कळते. नववी-दहावीचे वय हे असे की या वेळी हात धरला तर मूल पुढे जाते, सोडला तर रंगपेटी माळ्यावर जाते. जे. जे. आता अभिमत विद्यापीठ झाले आहे. तो दर्जा त्याला २०२३ साली मिळाला. परंतु तिथली प्रवेश परीक्षा द्यायला आपल्या तालुक्यातून कोण जाईल हे मुंबईत ठरत नाही. ते आपल्या शाळांतल्या चित्रकलेच्या तासाला ठरते.

माझी धाकटी बहीण यंदा नववीत आहे. तिने चुलीच्या मागच्या भिंतीवर काढलेला बैल मी पुसू दिला नाही. तिच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस चित्रकलेचे सर येतात. तिला इंटरमिजिएटला बसवायचे घरात ठरले आहे. बाबांनी नव्या रंगपेटीसाठी पैसे दिले तेव्हा माळ्यावरची जुनी मी खाली काढली. तिच्यातले रंग वाळून गेले होते, ब्रश मात्र चांगले होते. ते तिला दिले.

ती करमरकर होईल असे मी म्हणत नाही. पण तिच्या भिंतीपाशी कोणीतरी थांबले आहे. कोंडाण्याच्या त्या बलकाला कण्ह भेटला म्हणून त्याचे नाव दोन हजार वर्षे राहिले, आणि त्यानेही ते एकट्याचे राहू दिले नाही. नानासाहेबांच्या पुतळ्यासमोर उभे राहिल्यावर आपण घोड्याकडे पाहावे, महाराजांना वंदन करावे, शिल्पकाराला आठवावे. आणि मनातल्या मनात सासवण्याच्या भिंतीपाशी थांबलेल्या त्या माणसालाही आठवावे. आपल्यातले जे पुढे शिक्षक होतील त्यांनी तर विशेष.